लष्करानं घेतलेल्या निवडणुकीला शेजारी देशांनी मान्यता द्यावी का? एका तूर उत्पादकाचं उत्तर

तुम्ही विचारलंय की एखाद्या देशात लष्करानं सत्ता बळकावली आणि पुढं स्वतःच निवडणूक घेऊन ती कायदेशीर करून घेतली, तर आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची) किंवा इकोवास (पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची) यांसारख्या शेजारी देशांच्या संघटनांनी काय करावं, आणि निर्बंध लादून खरंच काही होतं का.

माझं मत आधीच सांगतो. मान्यता अडवावी, शस्त्रांचा पैसा अडवावा, पण लोकांचं धान्य, वीज आणि औषधं अडवू नयेत. आणि ज्यानं सत्ता बळकावली तोच जर निवडणुकीला उभा असेल, तर ती निवडणूक मतदानाच्या आधीच नामंजूर करावी. निकाल काय लागतो ते पाहत बसू नये.

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे. तूर, कपाशी, सोयाबीन. तुम्हाला वाटेल याला आफ्रिकेच्या आणि ब्रह्मदेशाच्या राजकारणाचं काय पडलंय. तुरीच्या हंगामात आमच्या बाजार समितीत एकदा येऊन पाहा. हर्रास सुरू व्हायच्या आधी अडत्याच्या दुकानापुढं जे शेतकरी उभे असतात, त्यांचा पहिला प्रश्न असतो, "बर्म्याचं काय म्हणते?" मुंबई-चेन्नईचा लेमन तुरीचा भाव मोबाईलवर आलेला असतो. लेमन म्हणजे म्यानमारची तूर. तो भाव उतरलेला असला की आमच्या ढिगात हात घालून दाणे तळहातावर फिरवणारा व्यापारी बोलीच खालून सुरू करतो. तूर कोरडी आहे, दाणा भरलेला आहे, याला मग फारशी किंमत राहत नाही. म्हणून म्यानमारच्या बातम्या आम्ही वाचतो.

भारतानं म्यानमारशी ५ वर्षांचा करार केला होता. दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर, खासगी व्यापाऱ्यांमार्फत. करार झाला जून २०२१ मध्ये. तिथल्या लष्करानं सत्ता घेतली होती १ फेब्रुवारी २०२१ ला. मधे फक्त चार महिने.

तिथं झालं काय, ते थोडक्यात. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या एनएलडी (नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी) पक्षानं ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या. नवी संसद बसायची त्याच सकाळी लष्करानं नेत्यांना उचललं. एप्रिल २०२१ मध्ये जकार्ताला आसियानची बैठक झाली आणि पाच कलमी सहमती जाहीर झाली: हिंसा थांबवा, सगळ्यांशी बोला, आसियानचा दूत नेमा, मदत पोहोचू द्या, दूताला सगळ्यांना भेटू द्या. सत्ता घेणारे सरसेनापती मिन आँग ह्लाईंग त्या बैठकीला स्वतः हजर होते. परत गेल्यावर त्यांनी ती गुंडाळून ठेवली. जुलै २०२२ मध्ये चार जणांना फाशी दिली गेली, त्यात एक माजी खासदार होते. मार्च २०२३ मध्ये एनएलडी पक्षच बरखास्त झाला, कारण नव्या कायद्याखाली त्यानं नोंदणी केली नव्हती. मग डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये तीन टप्प्यांत मतदान उरकलं. साठाहून जास्त टाउनशिपमध्ये (आपल्या तालुक्यासारखे भाग) मतदान झालंच नाही, कारण तिथं लष्कराची सत्ताच चालत नाही. निवडणुकीत अडथळा आणणं तर सोडाच, तिच्यावर टीका करणंही नव्या कायद्यानं तुरुंगात नेणारं होतं. लष्कराच्या पाठबळावरचा पक्ष जिंकला. शिवाय २००८ च्या घटनेनं संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्कराला कायमच्या दिलेल्याच आहेत.

आसियाननं यात एक गोष्ट बरोबर केली आणि तिचं श्रेय द्यायला हवं. ऑक्टोबर २०२१ च्या शिखर परिषदेला मिन आँग ह्लाईंग यांना बोलावलं नाही. एखादा बिगरराजकीय प्रतिनिधी पाठवा म्हणून सांगितलं. २०२६ चं अध्यक्षपद म्यानमारच्या वाट्याला येत होतं, ते फिलिपिन्सला दिलं. या निवडणुकीला आसियाननं निरीक्षक पाठवले नाहीत आणि मान्यताही दिली नाही. ज्या संघटनेच्या सनदेत सदस्याला निलंबित करायचं कलमच नाही आणि जिथं प्रत्येक निर्णय सहमतीनं घ्यायचा असतो, तिच्यासाठी हे छोटं पाऊल नाही. पण वाईट गोष्ट ही की खुर्ची नाकारल्यानंतर पुढचं कुणी काहीच ठरवलं नव्हतं. सहमती मोडली तर काय, हे त्या पाच कलमांत कुठंही लिहिलेलं नाही. दूत दरवर्षी अध्यक्षाबरोबर बदलत राहिला. थायलंड स्वतःच्या वेगळ्या बैठका घेत राहिला. मिन आँग ह्लाईंग यांना फक्त थांबून राहायचं होतं, आणि ते थांबले.

आफ्रिकेत याच्या नेमकं उलट आहे. तिथं नियम कडक आहे, पाळायची तयारी कमी आहे. आफ्रिकन युनियनची लोकशाही आणि निवडणुकांबाबतची सनद २००७ ची, २०१२ पासून अमलात. तिच्या २५ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की ज्यांनी घटनाबाह्य मार्गानं सत्ता घेतली, त्यांना नंतरच्या निवडणुकीत उभं राहता येणार नाही. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. बाजार समितीत काटा मापारी धरतो. माल घेणाराही धरत नाही आणि विकणाराही नाही, म्हणून तर वजनावर विश्वास बसतो. हे कलम तेच सांगतं. पण गॅबॉनमध्ये काय झालं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये जनरल ओलिगी न्गेमा यांनी सत्ता घेतली, १२ एप्रिल २०२५ ला तेच अध्यक्षपदासाठी उभे राहिले, नव्वद टक्क्यांहून जास्त मतं घेतली, आणि महिना संपायच्या आत आफ्रिकन युनियननं निलंबन उठवलं. चाडमध्ये २०२१ साली अध्यक्षपदावर बापाच्या जागी लष्कराच्या मदतीनं मुलगा बसला, तर निलंबनही झालं नाही. आपणच लिहिलेला नियम आपणच मोडायचा, आणि मग पुढच्या जनरलकडून तो पाळायची अपेक्षा करायची, असं चालत नाही. गिनीत मामादी डुंबुया यांनी २०२१ मध्ये सत्ता घेताना आम्ही निवडणूक लढवणार नाही म्हटलं होतं. नवी घटना आणून ती बंदी काढून टाकली आणि २८ डिसेंबर २०२५ ला ते निवडून आले. त्याच दिवशी म्यानमारमध्ये पहिल्या टप्प्याचं मतदान होतं.

आता निर्बंधांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तो अर्धा भाग आहे आणि माझा सगळ्यात जास्त विरोध इथंच आहे.

२६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षकदलानं कैद केलं. इकोवास चिडली होती. माली, बुर्किना फासो, गिनी, एकामागून एक देश हातचे गेले होते. एका आठवड्याची मुदत दिली, नाहीतर फौज पाठवू म्हटलं, सीमा बंद केल्या, बँकेतला पैसा गोठवला. नायजेरियानं वीज तोडली. तेव्हा नायजरची सुमारे ७० टक्के वीज नायजेरियातून येत होती. बेनिनच्या सीमेवर मालानव्हिलला मालट्रकच्या रांगा लागल्या. मुदत संपली, फौज काही गेली नाही. राजधानीतल्या स्टेडियममध्ये हजारो लोक जनरलांच्या बाजूनं घोषणा देत उभे होते. ज्या माणसाच्या घरातली वीज शेजाऱ्यानं तोडली, तो लोकशाहीसाठी शेजाऱ्याचे आभार मानेल, हा हिशेब कुणी मांडला असेल? रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तो पहिल्या दिवशीच चुकीचा दिसला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध मागं घेतले, तेव्हाही बाझूम कैदेतच होते. त्याच्या आधीच, जानेवारीत, माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते बाहेर पडलेही. आता त्यांच्यावर इकोवासचा कुठलाच नियम लागू नाही.

फौज पाठवणं नेहमीच चूक असतं असं मात्र मी म्हणणार नाही. गाम्बियाचं उदाहरण आहे. तिथं मतदान काचेच्या गोट्यांनी होतं. प्रत्येक उमेदवाराचा रंगीत पिंप असतो, मतदार त्याच्या नळीतून गोटी टाकतो आणि आत घंटी वाजते. दुसरी गोटी टाकली तर बाहेर ऐकू येतं. डिसेंबर २०१६ मध्ये मोजणी केंद्रावरच झाली, सगळ्यांसमोर. बावीस वर्षं राज्य केलेले याह्या जामे हरले, हार मान्य केली आणि आठवड्याभरानं फिरले. इकोवासनं १९ जानेवारी २०१७ ही तारीख दिली. त्या दिवशी विजयी उमेदवार अदामा बॅरो यांनी शेजारच्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारमधल्या गाम्बियाच्या दूतावासात शपथ घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं पाठिंब्याचा ठराव केला, फौज सीमा ओलांडून आत शिरली, आणि दोन दिवसांत जामे विमानात बसले. लढाई झालीच नाही म्हटलं तरी चालेल. पण तिथं लोकांनी निवडलेला माणूस हाताशी होता, मोजलेली मतं होती, देश लहान होता आणि तिन्ही बाजूंनी सेनेगल होता. नायजरमध्ये यातलं पहिलं सोडलं तर काहीच नव्हतं, आणि तो निवडलेला माणूसही जनरलांच्या ताब्यात होता.

एक गोष्ट या संघटना नेहमी टाळतात. गिनीत २०२१ चा उठाव आकाशातून पडला नव्हता. अध्यक्ष आल्फा काँदे यांनी २०२० मध्ये घटना बदलून तिसऱ्यांदा निवडणूक लढवली, रस्त्यावर माणसं मेली, आणि इकोवास गप्प राहिली. २०१५ मध्ये कुणीही दोनपेक्षा जास्त मुदती घेऊ नयेत असा प्रस्ताव इकोवाससमोर आला होता, तो गाम्बिया आणि टोगोच्या विरोधामुळं बारगळला. वर्दीवाल्यानं घटना मोडली की निलंबन, आणि सूटवाल्यानं मोडली की अभिनंदनाची तार, असं असेल तर लोक उठाव करणाऱ्याच्या मिरवणुकीत जाणारच. नियम दोघांना सारखा हवा.

आता पुन्हा तुरीवर येतो. माझ्या ओळखीच्या काहींचं म्हणणं असं की म्यानमारमध्ये हुकूमशाही आहे, मग तिथली तूर बंद करा. बंद झाली तर माझा फायदाच आहे. २०२५-२६ साठी हमीभाव ८००० रुपये क्विंटल होता, आणि तो हातात पडावा म्हणून किती खटाटोप करावा लागतो ते मला माहीत आहे. तरी लोकशाहीच्या नावानं ही बंदी मागायला माझा विरोध आहे. ती तूर पिकते मध्य म्यानमारच्या कोरडवाहू पट्ट्यात, सगाईंग, मॅगवे, मंडाले भागात. सगाईंग आणि मॅगवेत लष्कराविरुद्ध सगळ्यात तिखट प्रतिकार आहे, आणि लष्कराची विमानं तिथल्याच गावांवर बॉम्ब टाकतात. मार्च २०२५ च्या भूकंपानंतरही ते थांबलं नाही. तूर बंद केली तर मार बसेल त्या गावांतल्या माझ्यासारख्याच शेतकऱ्याला. आमच्या भावासाठी आयात शुल्क लावा, आमचा माल बाजारात येतो त्या महिन्यांत आयात रोखा, हे मागणं वेगळं आहे. ते आम्ही सरकारकडे सरळ मागावं, परक्याच्या दुःखाआड लपून नाही.

मारायचं तर कुठं, हेही दिसलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये हिशेब मांडला की सत्ता घेतल्यापासून म्यानमारच्या लष्कराला सुमारे १ अब्ज डॉलरचं युद्धसाहित्य मिळालं. त्यात सिंगापूरमधल्या कंपन्यांमार्फत गेलेलं २५ कोटी डॉलरहून जास्त होतं. सिंगापूर सरकारनं चौकशी केली, आणि वर्षभरात त्या कंपन्यांचा हा व्यवहार जवळपास ९० टक्क्यांनी घसरला. एका सदस्य देशानं, आसियानच्या सहमतीची वाट न पाहता, आपल्या बँका आणि कंपन्या आवरल्या, तर एवढं झालं. त्याच काळात थायलंडमधून जाणारा पैसा मात्र दुपटीच्या आसपास वाढला. म्हणजे नळ एकेकट्यानं बंद करून भागत नाही. विमानाचं इंधन, सुटे भाग, परकीय चलन, जनरलांची खाती, यावर सगळ्या शेजाऱ्यांनी एकत्र बसून पाळत ठेवायला हवी. मे २०२३ च्या त्याच अहवालात भारतातून गेलेल्या मालाचा आकडा ५ कोटी १० लाख डॉलर आहे, आणि त्यात सरकारी कंपन्याही होत्या. हे वाचून मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

भारत आसियानमध्ये नाही, पण बिमस्टेकमध्ये, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेत, भारत आणि म्यानमार दोघंही आहेत. त्या संघटनेत अंतर्गत बाबतीत हस्तक्षेप नको हे तत्त्व आहे, म्हणून तिथं निलंबनाची अपेक्षा मी धरत नाही. पण परिषदेत कुणाला खुर्ची द्यायची, निवडून आल्याबद्दल कुणाचं अभिनंदन करायचं, आणि मदत कुणाच्या हाती सोपवायची, हे दिल्ली स्वतः ठरवू शकते. मिझोराममध्ये म्यानमारचे हजारो लोक आसऱ्याला आहेत. मिझोरामला लागून असलेल्या म्यानमारच्या चिन टेकड्यांमध्ये धान्य आणि औषध न्यायचं तर लष्कराच्या गोदामातून जायची गरज नाही, मिझोरामच्या बाजूनं तिथल्या स्थानिक समित्यांकडे देता येतं. मिझो लोक स्वतःच्या खिशातून ते करतातच. त्यांच्या पाठीशी केंद्राचा पैसा उभा राहावा, आणि लष्कराच्या मालकीच्या कंपन्यांना एकही सरकारी ऑर्डर जाऊ नये. एवढ्यासाठी कुठल्याही संघटनेची परवानगी लागत नाही.