नवरा म्हणतो शाळा नको, पण शिकवणार कोण?

"ताई, आम्ही पुणं सोडून गावी आलोय. नवरा घरून काम करतो, मुलगा झेडपीच्या शाळेत तिसरीत. नवरा म्हणतो दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात गुरुजी कधी ट्रेनिंगला तर कधी सर्वेला, त्यापेक्षा होमस्कूलिंग करू. सासूबाई म्हणतात लोक हसतील. मुलगा रविवारी सकाळपासून शेजारच्या पोरांच्या दारात असतो. मी बीएस्सी आहे, सध्या घरीच. काय करू?"
– एक आई, सातारा जिल्हा

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. नवरा काय म्हणतो ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, पण शिकवणार कोण हे कुठेच नाही. आणि ते "बीएस्सी आहे, सध्या घरीच" तू जे हळूच शेवटी टाकलंयस ना, मला तर उत्तर तिथेच दिसलं. त्याच्या मीटिंगा सुरू झाल्या की गणित तू, इंग्रजी तू, खेळायला पोरं गोळा करायची तू, आणि उद्या पोरगं मागे पडलं तर बोलणी पण तुलाच.

कायद्याचं म्हणशील तर फार घाबरू नको. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयासाठी, त्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही आणि आईबापांना शिक्षा वगैरेही नाही. दहावी एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून 14 पूर्ण झाल्यावर देता येते, किंवा बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या राज्य बोर्डाचा 17 नंबर फॉर्म आहेच. मधेच परत शाळेत घालायचं ठरलं तरी 14 पर्यंत वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

शाळेबद्दल नवरा बोलतो ते खोटं नाही गं, गुरुजींचा अर्धा जीव ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. पण दोन शिक्षकी शाळेची एक गंमत असते, मी तसल्याच शाळेत शिकले आणि भागाकार मला तिसरीतच यायला लागला, कारण शेजारच्या ओळीत चौथीला चाललेला ऐकू यायचा. घरी एकट्या पोराला हे कुठून आणणार? आणि तुझा तर रविवारीसुद्धा घरात टिकत नाही.

म्हणून असं कर, दाखला अजिबात काढू नका, पटावर नाव राहू दे. मे महिन्याच्या सुट्टीत नवऱ्याला म्हण, रोज दोन तास तू शिकव, लॅपटॉप बंद करून, मी मधे पडणार नाही. आणि खरंच पडू नकोस हं, भाजी करपली तरी त्यालाच बघू दे. शाळा उघडेपर्यंत त्याने नेटाने केलं आणि पोरालाही आवडलं तर बोलू पुढचं. आठ दिवसांत ढेपाळला तर विषय मिटला. आणि शाळेची एवढीच काळजी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जावं की त्याने, 75 टक्के सदस्य पालकच असतात, तिथे बसून गुरुजींचं सर्वेचं काम काढ म्हणावं!

सासूबाईंचं मनावर घेऊ नको, लोक दोन्हीकडून हसतात.

आणि हो, तुला स्वतःला परत नोकरी करायचीय का, हे पण पत्रात नव्हतं. ते लिही आधी.