पेपरवालं लॅब की लॅब-गावठी क्रॉस?

फ्लॅट, पहिलाच कुत्रा. एकीकडे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर असलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, दुसरीकडे लॅब आणि गावठीचं क्रॉस, तेही फुकट. निरोगी कोणतं निघेल, असा तुमचा प्रश्न. माझं सरळ मत: पेपर बाजूला ठेवा आणि आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचं दुखणं लॅबमध्ये आई-बापाकडून येतं, आणि पेपरवर वंशावळ असते, सांधे नसतात. एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावरचा हवा, गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढलेला. "आमची छान पळते की" हा पुरावा नव्हे. निदान आईला बसलेली उठताना बघा आणि पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकते का तेही. टाकत असेल तर पिल्लू तिथेच ठेवून या.

"क्रॉस कधी आजारी पडत नाही" हे ऐकून मात्र कान किटलेत. संकराचा फायदा दोन्ही बाजूंचे दोष वेगवेगळे असतील तेव्हाच. लॅब आणि पूडल दोघांतही डोळ्याचा पडदा निकामी करणारा एकच जनुकदोष फिरतो. दोघेही वाहक (स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देणारे) निघाले तर महागड्या लॅब्राडूडलच्या वेतातलं सरासरी चारातलं एक पिल्लू आंधळेपणाच्या वाटेला लागणार. लॅब आणि जर्मन शेफर्ड जुळवले तर खुब्यांचं दुखणं दोन्हीकडून. गावठीची निवड कुणी शोमध्ये मिरवण्यासाठी केलेली नाही, म्हणून तुमच्या क्रॉसचं पारडं मला जड वाटतं.

आणि "रक्त बिघडतं" म्हणणाऱ्यांनी डाल्मेशियनकडे बघावं. या जातीचं यकृत युरिक अ‍ॅसिड पुढे मोडू शकत नाही, ते लघवीत उतरतं आणि खडे होतात. नराच्या लिंगात हाड असतं, तिथे मूत्रमार्ग अरुंद होतो आणि खडा नेमका तिथेच अडकतो. कुत्रा पाय वर करून उभाच, थेंब नाही. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. जातीतल्या जातीत कितीही जोड्या लावा, निरोगी जनुक तिथे नव्हतंच. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर या दुसऱ्या जातीचा एक कुत्रा जोडीला आणला, एकदाच, आणि पुढची प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशीच जुळवली. खड्यांचा दोष गेला, कुत्रा दिसायला डाल्मेशियनच. तरी अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना नोंदणीचं दार कायमचं उघडलं 2011 मध्ये. अडतीस वर्षं शुद्धतेच्या हट्टापायी! कलेजीने युरिक अ‍ॅसिड वाढतं, तेव्हा नेहमीच्या शुद्ध डाल्मेशियनला लाडाने ती घालणाऱ्यांनी हे वाचावंच.

आता तुमच्या घरातलं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत उचलू नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी विकताही येत नाही. चकचकीत टाइल्सवर पहिलं वर्षभर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी टाका, पाय घसरून खुबे आणखी बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर कॅल्शियमचं टॉनिक अजिबात नको. जादा कॅल्शियम शोषणं लहान पिल्लाला थांबवता येत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. घरचं चिकन-भात असेल तर गोष्ट वेगळी, त्यात कॅल्शियम कमीच पडतं. मात्रा डॉक्टरकडून मोजून घ्या. आणि गुबगुबीत करू नका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

हां, क्रॉस किती मोठं होईल ते पंज्यांवरून कळत नाही. चार महिन्यांच्या वजनाची दुप्पट हा कामचलाऊ अंदाज. आणि बाप कोण ते नक्की माहीत नसेल, कोली किंवा शेफर्डचा अंश असायची शक्यता असेल, तर खरूज-गोचिडांसाठी सर्रास टोचतात ते आयव्हरमेक्टिन डॉक्टरला ही शंका सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या रक्तातल्या काही कुत्र्यांत ते थेट मेंदूत पोचतं.