कंटेनर डिलीट केले तरी सी ड्राइव्हवरची जागा परत का मिळत नाही?

तुमच्या तक्रारी दोन: ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप डॉकर डेस्कटॉप (कंटेनर, म्हणजे स्वतंत्र डब्यात बंद केलेले प्रोग्रॅम, चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू केला की रखडतो, आणि कंटेनर उडवले तरी सी ड्राइव्ह भरलेलाच. दुखणं एकच आहे. लिनक्सच्या कंटेनरना लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) लागतो, म्हणून डॉकर डेस्कटॉप डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, उभं करतं. तुम्ही आवरता ते कंटेनर; रॅम आणि डिस्क अडवून बसतं ते मशीन.

रॅमचं काम सोपं आहे. हे मशीन सहसा एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. तुमच्या यूजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' (.wslconfig) नावाची फाइल करा (नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी चिकटवतं, तेवढं बघा). आत चौकटी कंसात डब्ल्यूएसएल२ ([wsl2]), खालच्या ओळीत मेमरी बरोबर ३ जीबी (memory=3GB). मग टर्मिनलमधून डब्ल्यूएसएलला शटडाउन द्या आणि डॉकर पुन्हा सुरू करा. एक डेटाबेस आणि एखादा वेब सर्व्हर एवढ्यात चालतो. काफ्का आणि इलॅस्टिकसर्चसारखे जड प्रोग्रॅम एकदम चालवायचे असतील तर मात्र रॅमच वाढवा.

डिस्कचं जरा किचकट आहे. आधी 'डॉकर सिस्टम डीएफ' ही कमांड चालवून कशाने किती जागा घेतली ते बघा. बहुतेक वेळा कंटेनर किरकोळच असतात; जागा खाल्लेली असते जुन्या इमेजेसनी (ज्यांच्यावरून कंटेनर बनतात ते साचे) आणि बिल्ड कॅशने (साचे बनवताना साठवलेले तुकडे). 'डॉकर सिस्टम प्रून' यातलं बरंच काढतं, आणि पुढे डॅश ए लावलं तर एकही कंटेनर वापरत नसलेल्या सगळ्या इमेजेस जातात. व्हॉल्यूमला (कंटेनर गेला तरी टिकणारा डेटा ठेवायची जागा) मात्र विचार केल्याशिवाय हात लावू नका. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसचा डेटा तिथेच असतो आणि गेला की गेला.

एवढं करूनही विंडोजला कदाचित जागा दिसणार नाही, कारण हा सगळा पसारा एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये (त्या मशीनची आभासी डिस्क) असतो. ती गरजेप्रमाणे फुगते, पण आतून रिकामी झाली तरी आपणहून आकसेलच असं नाही. डॉकर पूर्ण बंद करा, डब्ल्यूएसएल शटडाउन करा, अ‍ॅडमिन म्हणून डिस्कपार्ट (विंडोजमधलंच डिस्क सांभाळायचं साधन) उघडा. ती फाइल सिलेक्ट व्हीडिस्कने निवडा, रीडओन्ली अटॅच करा, कॉम्पॅक्ट व्हीडिस्क द्या, शेवटी डिटॅच. विंडोज होमवरही हे चालतं. फाइल अ‍ॅपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये, डॉकरच्या आत सापडेल. डी ड्राइव्ह असेल तर डॉकरच्या सेटिंगमध्ये रिसोर्सेसखाली डिस्क इमेजची जागाच बदलून टाका. माझ्या मते हेच आधी करावं.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर लायसन्सही बघून घ्या. कंपनीत २५० किंवा जास्त माणसं, किंवा वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलर वा जास्त असेल, तर डॉकर डेस्कटॉपला पैसे पडतात. तेव्हा डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) नुसतं डॉकर इंजिन, म्हणजे कंटेनर चालवणारा मूळ भाग, टाका. खिडक्या-बटणं मिळणार नाहीत, कमांड त्याच राहतील.