वाचक विचारतात: छोटी लाइन गेली, आता फिरायचं कुठे?

मागच्या अंकात पॅसेंजर गाड्यांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज येऊनच राहिले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून यावेळी चारच घेतोय. पहिल्यालाच जास्त जागा दिली आहे, कारण विषय माझ्या आवडीचा आहे आणि कॉलम माझा आहे.

प्रश्न: दादा, मी बेसा भागात राहतो, मिहानमध्ये जॉब. लहानपणी आईसोबत इतवारीवरून छोट्या गाडीनं भिवापूरला मामाकडे जायचो, खिडकीतून हात काढला की झाडाची पानं लागायची आणि आई हातावर चापट मारायची. आता ती गाडी नाही. एक पूर्ण दिवस मोकळा मिळतोय, तसंच गावागावातून हळूहळू जाणारं काहीतरी पाहिजे, कार काढायची नाही. कुठे जाऊ?

उत्तर: भिवापूर म्हणालात आणि मला तिकडच्या मिरचीचा ठसकाच लागला! मामाच्या गावची ती गाडी म्हणजे नागपूर-नागभीड लाइन, 1908 ची. कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जायची. नोव्हेंबर 2019 मध्ये तिला थांबवलं आणि ब्रॉडगेजचं, म्हणजे मोठ्या लाइनचं, काम हाती घेतलं. छिंदवाड्याची छोटी लाइन तर त्याच्याही आधी, 2015 च्या शेवटी बंद झाली. म्हणजे पानं हाताला लागणारी गाडी आता आपल्याकडे उरली नाही हे आधी मान्य करू, पण ब्रॉडगेजच्या फाट्यांवर अजून तसा दिवस मिळतो, फक्त एक्सप्रेसचा नाद सोडायचा.

माझं मत विचाराल तर तिरोडी. लोकं हसतात, म्हणतात तिथे बघायला काय आहे बे, तर बघायला रस्ताच आहे. इतवारीवरून निघायचं, कामठी गेलं की कन्हानचा पूल, मग भंडारा रोड, हे स्टेशन भंडाऱ्यात नाहीच, वरठीला आहे, आणि तुमसर रोड म्हणजे देव्हाडी. स्टेशनच्या नावात ‘रोड’ दिसलं की समजायचं गाव अजून लांब आहे आणि ऑटोचे पैसे वेगळे काढून ठेवायचे. तुमसर रोडवरून तिरोडीचा फाटा सुटतो, पन्नास किलोमीटरच्या आतला, आणि तिथून गाडीचा स्वभावच बदलतो. डब्यात तांदळाची पोती, माहेरी निघालेल्या बाया, एखादी कोंबडी, सगळे एकमेकांना ओळखतात आणि तुम्हाला कोणीच ओळखत नाही, म्हणून पहिला प्रश्न येतो, कोणाकडे चालले?

हा फाटा पॅसेंजरपेक्षा मॅंगनीजवर जगतो. डोंगरी बुजुर्गला मॉइलची उघडी खाण आहे (1962 ची सरकारी कंपनी, हेडऑफिस आपल्या नागपुरातच), तिथलं मॅंगनीज टॉर्चच्या सेलमध्ये वापरतात, म्हणजे आजोबांच्या टॉर्चमध्ये अर्धं तुमसर होतं म्हणा ना. साइडिंगला, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या लाइनला, काळ्या दगडाचे ढीग, मालडबे उभे, आणि पावसाळ्यानंतर त्याच्या मागे हिरवागार धान, हे दोन रंग एका खिडकीत दुसरीकडे कुठे बघितले नाहीत मी. तिरोडी आली की मध्य प्रदेशही आला, बालाघाट जिल्हा.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा गोबरवाहीला गाडी थांबली, बाजूच्या लाइनला मालगाडी उभी होती, मी मोठा जाणकार, मनात म्हटलं क्रॉसिंग आहे, ती निघाल्याशिवाय आपली हलत नाही. उतरलो, फाटकाजवळ आलुबोंडा दिसला, रस्सा टाकून घेतला, दुसरा घास तोंडात आणि गाडी निघाली. आमचीच. मालगाडी तिथेच उभी. शेवटच्या डब्यातून गार्डसाहेबांनी (2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) माझ्याकडे बघून शांतपणे हिरवी झेंडी आत घेतली. बॅग पाठीवर होती हे नशीब. मग दोन तास त्या स्टेशनवर बसलो, मालगाडीचे डबे मोजले, एका आजोबांनी तीन वेळा विचारलं की गाडी काऊन सोडली, आणि शेवटी काळीपिवळीत अकराव्या माणसाच्या मांडीवर बसून तुमसरला आलो. तिरोडी त्या दिवशी राहिलीच, पण आजपर्यंतच्या माझ्या फिरण्यात तोच दिवस सगळ्यात चांगला आठवतो.

तर तुम्ही एवढंच करा, आदल्या रात्री ॲपवर जाणारी गाडी बघायची आणि परतीची त्याहून नीट बघायची, फाट्यावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात आणि वेळा बदलत राहतात. परतीची हुकली तर बस कुठून मिळते ते आधीच विचारून ठेवा. पाणी, सुट्टे पैसे आणि घरून भाकरी-ठेचा.

आई सोबत येणार असेल तर मात्र तिरोडी नको, रामटेक करा. कन्हानवरून फाटा फुटतो, डुमरी खुर्दवरून गाडी जाते, छोटा प्रवास आहे, गडावर जाऊन संध्याकाळी घरी. आणि आता ब्रॉडगेज झालेली छिंदवाडा लाइन बघायचीच असेल तर पूर्ण दिवस द्या, सावनेर, केळोद, सौसर, रामाकोना ओलांडलं की सातपुडा चढायला लागतो, भिमालगोंदी ते भंडारकुंड हा घाट झोपून घालवू नका.

प्रश्न: नागपूरचं डायमंड क्रॉसिंग भारतात एकमेव आहे आणि तिथे चारही दिशांनी गाड्या एकदम येतात असा मेसेज आला आहे, खरं का? तिथे उभं राहून रील करता येईल का?

उत्तर: आधी रीलचं. नाही. रुळांवर विनापरवानगी जाणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दंडाच्या आधी गाडी येऊ शकते ते वेगळंच.

आता मेसेजचं. एक रूळजोडी दुसरीला आडवी कापून जाते आणि तिथे लाइन बदलायची सोय नसते, त्याला डायमंड म्हणतात, हा प्रकार रेल्वेत काही जगावेगळा नाही. आपल्याकडच्या डायमंडला वजन आहे कारण दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मोठे मार्ग नागपुरात भेटतात. पण चारही बाजूंनी गाड्या एकदम? अहो, एका गाडीला तिथून जायचा सिग्नल दिला की तिला आडव्या जाणाऱ्या गाडीला सिग्नल मिळूच शकत नाही, सिग्नल आणि रूळ एकमेकांना बांधून ठेवणारं इंटरलॉकिंग त्यासाठीच असतं. एक आत, बाकीच्या आउटरला, आणि आउटरला थांबणं काय असतं ते नागपूरकराला मी काय सांगू.

प्रश्न: माझे मिस्टर रिटायर झाल्यापासून रोज अजनी स्टेशनवर जाऊन इंजिनांचे नंबर वहीत लिहितात. मुलगा म्हणतो बाबांना डॉक्टरकडे न्या. न्यायचं का हो? आणि पोलीस पकडणार तर नाहीत ना?

उत्तर: ताई, डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मलाही सोबत न्या, माझ्याकडे अशा सात वह्या आहेत. अजनीला इलेक्ट्रिक इंजिनांचं मोठं शेड आहे, त्यामुळे काकांनी जागा एकदम बरोबर निवडली. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट रोज काढायला सांगा, ते दोनच तास चालतं, त्यामुळे जेवायला वेळेवर घरी येतील हा तुमचा फायदा. पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं, आणि कोणी हटकलं तर वाद न घालता वही दाखवायची. मला एकदा हटकलं होतं, वही बघून त्या जवानानं स्वतःच दोन नंबर सांगितले.

प्रश्न: मी सातवीत आहे. आधीच छोटी रेल्वे का बनवली, डायरेक्ट मोठीच का नाही बनवली? आणि आता छोटं इंजिन कुठे बघायला मिळेल?

उत्तर: पैसे बेटा, पैसे. छोट्या लाइनच्या दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर, मोठीच्या रुळांत 1676. तुझ्या पट्टीनं वर्गातल्या फरशीवर दोन्ही मापं खडूनं आखून बघ म्हणजे फरक कळेल. रूळ जवळजवळ असले की गाडी अगदी आवळलेलं वळण घेऊ शकते, मग डोंगर फोडायचा नाही, त्याला वळसा घालायचा, माती कमी उकरायची, पूलही हलके. जंगलातलं लाकूड आणि खाणीतला माल आणायला एवढं पुरत होतं. पण तीच वळणं मोठ्या गाडीला झेपत नाहीत, म्हणून छिंदवाड्याच्या घाटात नुसते रूळ रुंद करून भागलं नाही, आणि तिथे काम इतकी वर्षं चाललं.

इंजिनं बघायला लांब जायला नको, कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेजचं, म्हणजे छोट्या लाइनचं, म्युझियम आहे, 2002 पासून. बाबांना म्हणा फोन करून चालू-बंदचे वार विचारून घ्या, आणि जाताना पट्टी घेऊन जा, तिथले रूळ मोजून मला आकडा कळव.