सही घेतली म्हणजे प्रशिक्षण झाले का?

बांधकामावरील सुरक्षेबाबत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. दोन पत्रे सांगली शहरातून, एक जत तालुक्यातून आणि एक साताऱ्याहून आले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात छोटी बांधकामे घेणारा ठेकेदार आहे. सध्या तळमजला अधिक तीन मजल्यांचे काम चालू असून रोज चौदा ते अठरा कामगार असतात. काही जतकडचे, काही विजयपूरचे, तर सेंटरिंगवाले (स्लॅबचा तात्पुरता साचा आणि टेकू लावणारे) बिहारचे आहेत. सल्लागार अभियंत्यांनी सुरक्षा प्रशिक्षणाची नोंद मागितली. मी हेल्मेट आणि पट्टे दिले असून वहीत सर्वांच्या सह्या-अंगठे घेतले आहेत. एवढे पुरेसे आहे का? नव्या कामगार संहितांमुळे माझ्यासारख्याला काय बदलले?

उत्तर : कायद्याचा भाग आधी सांगतो. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेले बांधकाम 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाच्या कक्षेत येत होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 हिने घेतली असली, तरी दहा कामगारांची मर्यादा तीच आहे. आस्थापनेची नोंदणी साठ दिवसांत करावी लागते आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागते. जुन्या नियमांतील ज्या तरतुदी संहितेशी विसंगत नाहीत, त्या पाळाव्याच लागतात. बांधकामावर 250 कामगार झाल्यावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते. आपण त्या आकड्यापासून दूर आहात, पण त्याचा अर्थ एवढाच की सुरक्षा अधिकाऱ्याचे काम आपल्याला किंवा आपल्या मिस्त्रीला स्वतः करावे लागेल.

आता वहीचे पाहू. आपल्या वहीतून साहित्य दिल्याचे सिद्ध होते, शिकवल्याचे नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या विषयावर, कोणी, कोणत्या भाषेत आणि काय करून दाखवले, हे त्यात नसेल तर अपघातानंतर त्या सह्यांना फारसे वजन राहत नाही. माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सही करून पट्टा घेणाऱ्या माणसाला तो पट्टा कशाला अडकवायचा हे अनेकदा कोणीच सांगितलेले नसते.

पट्ट्याचेच उदाहरण घ्या. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या पट्ट्याची दोरी साधारण 1.8 मीटर लांब असते. तिच्यातला झटका शोषून घेणारा भाग उलगडला की लांबी आणखी पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर अंतर असते आणि वर थोडी मोकळीक धरावी लागते. म्हणजे कामगाराने हूक पायाजवळच्या सळईत अडकवला असेल, तर त्याला अधांतरी थांबवण्यासाठी खाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्याचा स्लॅब जमिनीपासून जेमतेम तीन मीटरवर असतो. तिथून पडलेला माणूस दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर आदळेल, आणि पट्टा घातलेला होता एवढेच पंचनाम्यात लिहिले जाईल. म्हणून हूक डोक्याच्या वर आणि पक्क्या आधाराला लावायचा, काथ्याने बांधलेल्या आडव्या बांबूला कधीही नाही. कमी उंचीवर पट्ट्यापेक्षा कठड्यावर भर द्यायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेनुसार 3.6 मीटरपेक्षा उंच परांचीला किमान 90 सेंटिमीटर उंचीचा कठडा लागतो. मी तर पहिल्या स्लॅबपासूनच तो लावायला सांगेन, कारण आपल्याकडे लोक तिथूनच जास्त निष्काळजीपणे वावरतात.

ही गोष्ट हॉलमध्ये बसवून शिकवता येत नाही. प्रत्यक्ष परांचीखाली उभे राहून, एका कामगाराला पट्टा घालायला लावून आणि बाकीच्यांना चूक ओळखायला सांगून ती शिकवावी लागते. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटे त्याच दिवसाच्या कामावर बोला. स्लॅब भरण्याच्या दिवशी प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) आणि काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची वायर, गिलाव्याच्या दिवशी परांचीच्या फळ्या, सळई चढवण्याच्या दिवशी इमारतीशेजारची विजेची तार, असा त्या त्या दिवसाचा विषय असावा. सळई 12 मीटर लांब येते. ती खालून वर देताना तिचे दुसरे टोक कुठे फिरते याकडे कोणाचेच लक्ष नसते, आणि 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) वाहिनी जवळ असेल तर चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

सेंटरिंग काढण्याचा विषय स्वतंत्रपणे घ्या. भारतीय मानक 456 नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबखालचे प्रॉप साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवायचे असतात. तुळईखाली सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस लागतात. पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असेल तर आणखी थांबावे लागते. अभियंत्याला हे पाठ असते, पण सेंटरिंगच्या प्लेट दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून प्रॉप ठोकून काढणाऱ्या मुलाला ते कोणी सांगितलेले नसते. प्रत्येक स्लॅबच्या खालच्या खांबावर भरल्याची तारीख आणि प्रॉप काढण्याची तारीख खडूने लिहून ठेवा, आणि ती कोण बदलू शकतो हेही सर्वांना ठाऊक असू द्या.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नका. विजयपूरकडच्या कामगाराला कन्नडमधून सांगणारा जतचा एखादा गवंडी आपल्याकडे असेलच. त्याला ही जबाबदारी द्या आणि त्या दहा मिनिटांची मजुरी कापू नका. शेवटी एकदोघांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, त्यांनी काय सांगितले ते एका ओळीत टिपा आणि मग सह्या घ्या. आपल्या अभियंत्यांनी मागितलेली नोंद ही अशी असते. नवा माणूस मध्येच कामावर आला, तर त्याला साइट फिरवून लिफ्टचा खड्डा, जिन्याची उघडी बाजू आणि विजेचा मुख्य स्विच दाखवल्याशिवाय त्याच्या हाती घमेलेही देऊ नये.

प्रश्न : माझे वडील गवंडी आहेत. सांगलीतील एका इमारतीवर गिलावा करताना परांचीची फळी सरकून ते दुसऱ्या मजल्यावरून पडले. टाच आणि मणका मोडला. ठेकेदाराने सुरुवातीला दवाखान्याचे थोडे पैसे दिले. आता तो म्हणतो की त्यांचे नाव रजिस्टरवर नाही आणि त्यांनी पट्टाही लावला नव्हता, त्यामुळे भरपाई मिळणार नाही. आमची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणीही नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : ठेकेदाराने सांगितलेल्या दोन्ही कारणांनी आपण खचून जाऊ नये. रजिस्टर ठेवणे ही त्याची जबाबदारी आहे आणि त्यातली उणीव त्याला आपल्याविरुद्ध वापरता येत नाही. वडील तिथे कामाला होते हे इतर मार्गांनी दाखवता येते. फोनवरून आलेली मजुरी, मुकादमाच्या हजेरी वहीचे फोटो, कामावर बोलावणारे व्हॉट्सअॅप संदेश आणि बरोबरच्या कामगारांचे जबाब हे सगळे उपयोगी पडतात. रुग्णालयात दाखल करताना अपघात बांधकामावर झाल्याची नोंद झाली असेल, तर त्या कागदाची प्रत आजच मिळवा. तशी नोंद झाली नसेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बरोबरचे कामगार पुढच्या साइटवर निघून जातात, म्हणून त्यांचे जबाब लिहून घेण्यास उशीर करू नका.

पट्ट्याच्या मुद्द्यावर कायदा बराच स्पष्ट आहे. सुरक्षेसाठी दिलेली आज्ञा कामगाराने जाणूनबुजून मोडली आणि त्याच कारणाने इजा झाली, तर मालकाला बचाव घेता येतो. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर तो बचावही चालत नाही. शिवाय आज्ञा मोडली म्हणण्यासाठी आधी ती स्पष्टपणे दिलेली असावी लागते. पट्टा दिला होता का, तो अडकवायला पक्की जागा होती का, कसा लावायचा हे कधी शिकवले होते का, हे प्रश्न आपण लेखी विचारावेत. आणि फळी सरकली म्हणजे ती बांधलेली नव्हती. परांची नीट उभारणे ही कामगाराची नव्हे, काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

भरपाईचा हिशेब मासिक वेतन, वय आणि अपंगत्वाचे प्रमाण यांवर होतो. कायमचे संपूर्ण अपंगत्व असल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, आणि अंशतः अपंगत्वात त्या रकमेचा वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार ठरणारा हिस्सा मिळतो. कल्पना यावी म्हणून सांगतो, मृत्यूच्या प्रकरणात 50 टक्के धरतात आणि तीस वर्षे वयाचा गुणक 207.98 आहे. वेतन 15,000 रुपये धरले तर ती रक्कम 15,59,850 रुपये होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याव्यतिरिक्त मागता येतो. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते आणि समाधानकारक कारण नसेल तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. ठेकेदार हात वर करत असेल, तर ज्या बिल्डरने त्याला काम दिले त्यालाही प्रतिपक्ष करा.

मंडळाकडे नोंदणी नसल्याने या हक्काला बाधा येत नाही, कारण मंडळाची मदत आणि मालकाने द्यायची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात अन्य कोणी बांधकामावर जात असेल, तर त्यांची नोंदणी मात्र आता करून घ्या. वय 18 ते 60 आणि मागील बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला, या त्यातल्या मुख्य अटी आहेत. शुल्क नाममात्र असते. एजंटला हजारो रुपये देण्याचे काहीही कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तिथे लवकर जा.

प्रश्न : आम्ही साताऱ्यात शाहूपुरी भागात स्वतःसाठी घर बांधत आहोत. ठेकेदार सात-आठ माणसे आणतो. त्यांची सुरक्षा ही आमची जबाबदारी आहे का? उपकर भरावा लागेल का?

उत्तर : बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर जो उपकर घेतात, त्यातून स्वतःच्या राहत्या घरासाठी सवलत आहे. जुन्या कायद्यात तिची मर्यादा 10 लाख रुपये खर्चाची होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती 50 लाख रुपये आहे. खर्च त्यापुढे जाणार असेल, तर अभियंत्याकडून अंदाजपत्रक घेऊन परवानगीच्या वेळीच नगरपालिकेत विचारणा करावी.

आपला बांधकामाचा व्यवसाय नसल्यामुळे भरपाईचा भार सहसा ठेकेदारावर पडतो. पण दहापेक्षा कमी माणसे आहेत म्हणून सगळ्याच कायद्यांतून सुटका होत नाही. इमारत बांधताना, दुरुस्त करताना किंवा पाडताना माणसांच्या जिवाला धोका पोहोचेल असा निष्काळजीपणा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम 106 लागू होते. म्हणून करारपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या. ठेकेदाराने कामगार भरपाई विमा काढावा आणि त्याची प्रत आपल्याला द्यावी. परांची, कठडा आणि हेल्मेट यांचा खर्च मूळ दरातच धरलेला असावा. दर पाडून घेताना हाच खर्च आधी गळतो. आपण घासाघीस करताना हे लक्षात ठेवावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. तात्पुरत्या वीज जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा गळती रोधक स्विच बसवून घेणे तर आपल्याच हातात आहे.

प्रश्न : सांगलीत नदीकडच्या भागात आमचे काळ्या मातीत पायाचे खोदकाम चालू आहे. खोली आठ फुटांच्या आसपास जाईल. जेसीबीवाला म्हणतो की कडा सरळ उभ्या राहतात, आधाराची गरज नाही. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. काळी माती कोरडी असताना सरळ उभी राहते, आणि म्हणूनच ती फसवते. ती सुकताना तिच्यात खोल भेगा पडतात. एक जोराचा पाऊस किंवा शेजारच्या पाइपाची गळती त्या भेगांत शिरली की अख्खी कड एकदम सुटते. दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या किंवा पायऱ्यांच्या ठेवाव्यात, नाहीतर फळ्या व आडवे धीरे लावून पक्क्या कराव्यात, असे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते. आपली आठ फूट खोली म्हणजे जवळपास अडीच मीटर होते. उकरलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तेवढी दूर टाकावी. जेसीबी आणि मातीचे डंपरही तेवढेच लांब उभे राहावेत. चर 1.2 मीटरपेक्षा खोल गेला की दर 30 मीटरला एक शिडी हवी, आणि ती जमिनीच्या वर किमान 90 सेंटिमीटर आलेली असावी.

रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर अभियंत्याने कडा पाहिल्याशिवाय कोणालाही खाली उतरू देऊ नका. कडेला समांतर बारीक भेग दिसली, तर खालची माणसे लगेच वर घ्या. एखाद्यावर माती पडलीच तर त्याला काढायला दुसऱ्याने त्याच चरात उडी मारू नये, हे कामगारांना आधीच सांगून ठेवा. अग्निशमन दलाला बोलवावे, आधार लावून होईपर्यंत कोणी खाली उतरू नये आणि जेसीबीने उकरण्याचा प्रयत्न करू नये, कारण बकेटचा फटका खाली अडकलेल्या माणसालाच बसतो.