धूर जिन्यात शिरण्याआधी

चाळ, पीजी, भाड्याचा फ्लॅट, सोसायटी, जिथे एका जिन्यावर अनेक घरं अवलंबून असतात, तिथल्या आगीविषयी आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण भाड्याने राहतो. स्वयंपाकघरात एकच पॉवर पॉइंट आहे. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून इंडक्शन, किटली आणि इस्त्री चालते. सारखा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडायचा, म्हणून घरमालकांनी इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला. आता पडत नाही, पण बोर्डाचा टॉप (प्लग) तपकिरी झालाय आणि हाताला गरम लागतो. असंच वापरलं तर चालेल का?

अजिबात नाही. आधीचा एमसीबी त्याचं काम चोख करत होता, म्हणून तर पडत होता.

हिशेब करून बघा. इंडक्शन २००० वॉट, किटली १५००, इस्त्री १०००. सकाळी आठला तिन्ही चालू असतील तर ४५०० वॉट. २३० व्होल्टने भागलं की साडेएकोणीस अँपिअर. भिंतीतून त्या पॉइंटला बहुधा अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आलेली असणार. जुन्या इमारतीत तर दीडचीही निघते. भिंतीतल्या पाइपातून अडीचच्या तांब्याच्या वायरीवर साधारण २० अँपिअरच्या वर जाऊ नये, दीडची त्याच्या बरीच आधी तापते. एमसीबी असतो तो ही वायर वाचवायला. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही, त्याचं मानकच तसं आहे. म्हणजे आता वायर आधी वितळेल आणि एमसीबी नंतर पडेल. मोठा एमसीबी लावायचा तर डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) पॉइंटपर्यंतची वायरही जाड घालावी लागते. नुसता एमसीबी बदलून जाणारा इलेक्ट्रिशियन पुन्हा घरात घेऊ नका.

टॉप तपकिरी होण्याचं कारण मात्र निराळं आहे आणि ते कुठल्याच एमसीबीला कळत नाही. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या वारंवार तापून ढिल्या पडतात. ढिल्या जोडावर प्रवाह तितकाच वाहतो, पण तो जोड तापतो. तापला की आणखी ढिला होतो. आरसीसीबी या दुसऱ्या सुरक्षा स्विचलाही हे दिसत नाही, तो फक्त विजेची गळती पकडतो. इथे तुमचा हातच कामाचा. जड उपकरण दहा मिनिटं चालवा, बंद करा, टॉप काढून पिनांजवळ हात न्या. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर तो पॉइंट त्या क्षणापासून बंद. सॉकेट आणि टॉप दोन्ही एकदम बदला. जळक्या सॉकेटमध्ये नवा टॉप घातला तर महिन्याभरात तोही तसाच होतो.

घरमालकांना सांगायचं ते असं: १६ चा एमसीबी परत लावा आणि डीबीपासून स्वतंत्र अडीचची वायर, स्वतंत्र एमसीबी घेऊन दुसरा १६ अँपिअरचा पॉइंट काढून द्या. तोवर जड उपकरण एका वेळी एकच आणि तेही थेट भिंतीतल्या पॉइंटवर. बाजारातले बहुतेक एक्स्टेंशन बोर्ड ६ अँपिअरचे, म्हणजे १३८० वॉटचे असतात. त्यावर मोबाइल, लॅपटॉप, टेबल लॅम्प एवढंच. सहा जणांच्या घरात किटली कोणाची नि इस्त्री कोणाची यावर वाद होणारच, तेव्हा वेळा लिहून फ्रीजवर चिकटवा.

आणि पाणी तापवायचा रॉड. तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहा जणांच्या घरात तो असतोच. प्लास्टिकच्या बादलीत रॉड लावून माणूस झोपला की पाणी आटतं, रॉड उघडा पडतो, बादली वितळते आणि पेट घेते. बादली धातूचीही नको, शॉक बसतो. रॉड चालू असेपर्यंत कोणीतरी तिथे उभं राहायचं. जमत नसेल तर गार पाण्याने आंघोळ.

आमची चाळ जुनी, खोल्या दहा बाय बाराच्या. रात्री गॅसचा वास आला तर नेमकं काय करायचं? शेजारीपाजारी प्रत्येक जण वेगळं सांगतो.

एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, मोरीत साचतो, उंबऱ्यावरून गॅलरीत उतरतो. म्हणून वरची झडप उघडून भागत नाही, दार सताड उघडावं लागतं.

क्रम असा. कोणतंही बटण दाबायचं नाही. चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट फॅन लावणं ही सर्वांत नेहमीची चूक. अंधारात रेग्युलेटरची खुंटी बंद करा. दार-खिडक्या उघडा. रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीने बांधलेली टोपी तोंडावर दाबून बसवा. ती टोपी दिवाळीच्या साफसफाईत फेकून दिलेली असते, आजच बघून ठेवा. मग सगळ्यांना बाहेर काढा आणि खाली अंगणात जाऊन १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठी तो चोवीस तास चालतो. शेजाऱ्यांना उठवायचं तर दार ठोका, बेल वाजवू नका. मेन स्विच खोलीबाहेर पॅसेजमध्ये असेल आणि तिथे वास नसेल तरच तो पाडा. फ्रीजचा विचार कोणी करत नाही: तो आपोआप चालू-बंद होतो आणि आत ठिणगी पडते. खोली रिकामी करायची घाई त्यासाठीच.

वास का आला, ते दुसऱ्या दिवशी उजेडात. भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या बुडाला लावा, बुडबुडे फुगले तिथे गळती. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांना तिथून हाकला. नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची हवी. तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी बदलायची. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, भिंतीतून किंवा कपाटामागून नेलेली तर मुळीच नको. दिसेना अशी नळी उंदीर कुरतडतात. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्याहून उंचावर, ओट्यावर.

चाळीत आणखी एक भानगड असते: भरलेला जादा सिलिंडर जिन्याखाली. खालच्या एका काडीने वरच्या सगळ्यांची वाट बंद होते. तो तिथून हलवा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर? यूट्यूबवर ओला टॉवेल टाकताना दाखवतात.

गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत न्या आणि झाकून तशीच ठेवा. दहा-पंधरा मिनिटं उघडू नका. गरम तेलाला हवा मिळाली की पुन्हा भडकतं. कढई उचलून मोरीकडे पळू नका. पाणी तर नाहीच. पाण्याची वाफ झाली की ते सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. ओल्या टॉवेलमधून पाणी ठिबकत असेल तर तोच धोका; घट्ट पिळलेला चालतो, पण परात हाताशी असताना टॉवेल शोधायला कशाला जायचं?

आमची सोसायटी सात मजली, बिल्डरने अग्निशमन यंत्रणा बसवून दिली आहे. नवीन समिती निवडून आली आहे. सुरुवात कुठून करावी? ‘फॉर्म बी’ म्हणजे काय?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमची. बिल्डर गेला. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा ठीक असल्याचा दाखला अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. तोच फॉर्म बी. अनेक ठिकाणी एजन्सीचा माणूस ऑफिसात बसूनच तो भरतो. म्हणून तपासणीच्या दिवशी समितीतलं कोणीतरी त्याच्यासोबत फिरलंच पाहिजे.

फिरताना बघायचं ते असं. सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट व्हॉल्व्ह (आगीसाठीच्या पाण्याच्या पाइपाची तोटी) उघडायला सांगा. दाब उतरला की खालचा पंप आपोआप सुरू व्हायला हवा. होत नसेल तर पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’ वरून ‘मॅन्युअल’ वर असेल. पाइपात बारीक गळती झाली, पंप रात्री-अपरात्री वाजू लागला, रहिवासी ओरडले आणि वॉचमनने स्विच फिरवला, असा त्याचा इतिहास असतो. उपाय गळती काढणं हा आहे. लाल पेट्यांतले नोझल जागेवर आहेत का बघा. धातूचे असतात आणि भंगारात विकले जातात. नळी उलगडून बघा, घडीवर कुजलेली असते. आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी बागेला जात नाही ना, तेही. आणि बंबाची नळी जोडायचं तोंड फाटकाजवळ असतं, त्यासमोर कोणाची तरी स्कूटर हमखास लावलेली असते.

पण माझ्या मते यंत्रणेआधी डक्ट, म्हणजे वायरी वर नेणारी उभी पोकळी, उघडा. विजेच्या आणि केबलच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोक असतं. केबल टाकून झाल्यावर ते आगरोधक मसाल्याने बुजवायचं असतं. ते बुजवलेलं नसतं. किंवा बुजवलेलं असतं आणि इंटरनेटवाल्याने पुन्हा फोडलेलं असतं. असा डक्ट म्हणजे सात मजल्यांचं धुराडं. मीटर रूममध्ये पेटलं की धूर मिनिटभरात वर पोचतो. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत आग तळाशी पेटली आणि धुरात वरचे रहिवासी अडकले. म्हणून मीटर रूममधली गणपतीची मखरं, रंगाचे डबे, जुनी कागदपत्रं आधी बाहेर काढा. तिथे साडेचार किलोचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) अग्निशामक सिलिंडर दाराबाहेर लटकवा, आत नको. जिन्यातले चपलांचे स्टँड, सायकली, कुंड्या यावर भांडण होईल, ते करा. गच्चीचं दार आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी लावा.

भाडेकरू ई-स्कूटरची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर नेऊन रात्रभर दाराशी चार्ज करतो. अडवावं का?

दाराशी आणि झोपेत, या दोन गोष्टी अडवा. बॅटरी भडकली तर बाहेर पडायचा एकमेव रस्ताच पेटतो. गाडी चालवून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्यावी, कंपनीचाच चार्जर वापरावा, फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर, जागेपणी. फुगलेली, पडलेली, पुरात भिजलेली बॅटरी घरात नकोच. फुसफुस आवाज आला किंवा पांढरा धूर दिसला की ती उचलायला जाऊ नका. माणसं बाहेर, दार बंद, १०१. अग्निशामकातल्या पावडरने ज्वाळा दबतात पण सेल आतून तापतच राहतात आणि पुन्हा पेटतात. खरा उपाय म्हणजे पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडापासून दूर, स्वतंत्र मीटर आणि एमसीबीचा चार्जिंग पॉइंट. सोसायटीने तो दिला नाही, तर बॅटऱ्या वर जातच राहणार.

घरात कोणतं अग्निशामक ठेवावं?

एबीसी पावडर (लाकूड-कागद, तेल आणि गॅस, तिन्ही आगींवर चालणारी), दोन किलो, आयएसआय खुणेचं. शेगडीच्या वर टांगू नका, स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या दाराजवळ टांगा. दाबाचा काटा हिरव्यात हवा. महिन्यातून एकदा उलटं करून हलवा, पावडर बुडाशी घट्ट बसते. पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाकडे धरा, खटका दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. ते आठ-दहा सेकंदांत संपतं, म्हणून पाठ दाराकडे ठेवूनच उभं राहा. थोडंसं वापरलं तरी पुन्हा भरून घ्या, दाब हळूहळू निघून जातो.

आई चालू शकत नाही. आम्ही अकराव्या मजल्यावर. जिन्यात धूर भरला तर?

आग तुमच्याच घरात असेल तर आईला चादरीवर घेऊन फरशीवरून ओढत बाहेर काढा आणि मागे दार लावून घ्या. चादर डोक्याकडच्या बाजूने धरायची; एका माणसाला जमतं, सराव करून बघा. लिफ्ट नाही.

आग बाहेर असेल तर दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावा. गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर उघडू नका. आईला दारापासून सर्वांत दूरच्या, रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत न्या. मधली सगळी दारं लावा. ओले टॉवेल फटीत कोंबा, ते वाळू देऊ नका. एसी बंद करा. खिडकी थोडी उघडा, खालून धूर येऊ लागला तर लावून घ्या. १०१ किंवा ११२ वर इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर, ‘एक व्यक्ती चालू शकत नाही’ आणि खिडकी कुठल्या बाजूला हे सांगा. खिडकीतून रंगीत चादर किंवा मोबाइलचा टॉर्च दाखवा.

त्या खिडकीला ग्रिल असेलच. त्यात किमान एका माणसाला निघता येईल एवढं, आतून उघडणारं दार करून घ्या. कुलूप लावायचं असेल तर किल्ली त्याच खोलीत, आईच्या हाताला लागेल अशा खिळ्यावर.