व्हाइट रिमवर एकट्याने जाण्यापूर्वी

अमेरिकेतील यूटा राज्याच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील व्हाइट रिम या कच्च्या वाळवंटी रस्त्याचा सुमारे 160 किलोमीटरचा फेरा सायकलवर एकट्याने करण्याचा तुमचा बेत मला मनापासून आवडला. येऊरच्या चढांवर कमावलेला दम तिथे कामी येईल, पण पाण्याचा अंदाज मात्र नव्याने बांधावा लागेल. ठाण्याच्या दमट हवेत जर्सी चिंब होते आणि अंगातून किती पाणी जात आहे हे आपोआप कळते. वाळवंटात घाम येताक्षणीच सुकतो, कपाळावर मिठाचा पांढरा थर तेवढा उरतो आणि तहान जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. वाटेत पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही, त्यामुळे सगळे सोबतच न्यावे लागते, आणि त्या वजनासह सराव इथेच करावा.

पहिल्याच खेपेस पूर्ण फेऱ्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेफरचा नागमोडी घाट उतरून थोडे पुढे जावे आणि परतीची चढण लक्षात घेऊन निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतानाच मागे फिरावे. दिवसभराच्या सायकलफेरीलाही परवाना लागतो. रस्त्याकडेच्या काळसर, खडबडीत मातीवर चाक घालू नये. तो सूक्ष्मजीवांनी बांधलेला थर असतो आणि मोडला तर भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. मोबाइलवर विसंबू नका. उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र जवळ ठेवा आणि परतण्याची वेळ घरी लेखी कळवा.